गेमच्या संगीताची मैफल भेट देताना: सांगलीहून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

तिकीट काढण्याआधी, ज्याच्यासाठी ते काढायचे तो नेमके कोणते व्हिडिओ गेम मन लावून खेळतो, हे त्याच्या नकळत जाणून घ्यावे. माझ्या भाचीला बारावीनंतर गेमचे संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाची मैफल भेट द्यायचे ठरवले तेव्हा मी चौकशी तिच्या धाकट्या भावाकडे केली, कारण घरात कोण कोणत्या गेमपायी जागरण करते हे भावंडांना पक्के ठाऊक असते. सुपर मारिओ आणि झेल्डा यांच्या मूळ खेळांचे संगीत कोजी कोंडो यांचे, फायनल फँटसीच्या सुरुवातीच्या भागांचे नोबुओ उएमात्सु यांचे. एकावर जीव असणाऱ्याला दुसऱ्याची ओळख असेलच असे नाही, आणि काही मैफली तर संपूर्णपणे एकाच गेमला वाहिलेल्या असतात. ओळखीची एकही धून न ऐकता दोन तास बसावे लागले, तर वादन कितीही उत्तम असले तरी भेट चुकली असेच मी म्हणेन.

त्यानंतर जाहिरात बारकाईने वाचावी. पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारण सत्तर ते शंभर वादक असतात, तंतुवाद्यांच्या चौकडीत चारच. दोन्हींच्या जाहिराती मात्र वरवर सारख्या दिसू शकतात. म्हणून वादक किती, संचालक (कंडक्टर) कोण आणि समूहगायन आहे की नाही, हे छापलेले नसल्यास आयोजकांना विचारून घ्यावे. समूहगायनाचे मी मुद्दाम सांगते आहे. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मधील अखेरच्या लढाईचे संगीत लॅटिन समूहगायनाशिवाय अर्धेच उरते. सिव्हिलायझेशन ४ साठी ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली प्रार्थनेला चाल लावून केलेली ‘बाबा येतू’ ही रचना तर मुळातच गायकांची आहे; २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले आणि गेमसाठी लिहिलेल्या संगीताला तो मान पहिल्यांदाच लाभला.

खुर्च्या निवडताना पहिल्या रांगेचा मोह टाळावा. अगदी पुढे बसल्यावर व्हायोलिने कानाशी येतात, मागची फुंकवाद्ये आणि तालवाद्ये त्यांच्याआड जातात, आणि अशा मैफलींत वादकांच्या वर पडद्यावर गेममधील दृश्ये दाखवत असतील तर मान अवघडते. मधल्या रांगा किंवा बाल्कनीची पुढची बाजू मला अधिक योग्य वाटते, कारण तेथून सगळा वाद्यवृंद नजरेच्या एका टप्प्यात येतो आणि कोणती धून कोणाकडून कोणाकडे गेली हे दिसतेही.

सांगलीकराला अशा मैफलीसाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटर आहे, आणि २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद तेथलाच. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि तेथून एनसीपीए टॅक्सीने जवळ पडते. कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात असेल तर मात्र उतरण्याचे स्थानक आणि मुक्काम दोन्ही त्या बाजूने ठरवावेत. परतीची महालक्ष्मी मुंबईहून रात्री आठ-साडेआठच्या सुमारास सुटते, म्हणजे सातच्या मैफलीनंतर ती मिळत नाही, हे गृहीत धरून एका रात्रीची खोली आणि दुसऱ्या सकाळच्या कोयना एक्स्प्रेसचे तिकीट आधीच काढावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. मैफलीची तारीख कळताच तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर कृष्णेच्या पाण्याचाही विचार हवा. २०१९ च्या महापुरात सांगलीतून बाहेर पडणे किती कठीण झाले होते ते आपण विसरलेलो नाही, तेव्हा पावसाळ्यात एक दिवस आधी निघावे.

कानांची तयारी भेट देणाऱ्याने करायची आहे. भेट घेणाऱ्याला या धुना पाठच असतात. शेजारी बसलेल्या मावशीला किंवा मामाला त्यांतले काहीच उमगत नसेल, तर भेट घेणाऱ्याचे लक्ष मैफलीपेक्षा त्यांना कंटाळा येतो की काय याकडेच राहते. निदान चार-पाच रचना आधी मूळ गेममधल्या आणि मग वाद्यवृंदाने वाजवलेल्या, अशा जोडीने ऐकाव्यात. १९८५ च्या सुपर मारिओसाठी कोंडो यांच्या हाती जे गेमचे यंत्र होते त्यात एकूण पाच ध्वनिमार्ग, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाच आवाज, होते आणि त्यांतले सुरेल वाजणारे प्रामुख्याने तीन. एवढ्या तुटपुंज्या साधनांत बसवलेली धून साठ-सत्तर वाद्यांत वाटून देताना संगीत संयोजकाला किती निर्णय घ्यावे लागले असतील, हे अशा जोडीने ऐकल्यावरच कळते. खेळणारा एका टप्प्यावर किती वेळ रेंगाळेल हे रचनाकाराला माहीत नसते, म्हणून गेममधली धून बहुधा समेवर येणाऱ्या आवर्तनासारखी पुन्हा आपल्या आरंभाशी येते. रंगमंचावर तिला शेवट द्यावाच लागतो, आणि तो कसा दिला आहे हे ऐकण्यासाठी मी स्वतः सर्वांत उत्सुक असते. गेमचे संगीत वाद्यवृंदाने वाजवण्याची परंपरा नवी नाही: कोइची सुगियामा यांनी ड्रॅगन क्वेस्ट या गेमचे संगीत १९८७ मध्येच टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये सादर केले होते. भेट जाहीर झाल्यावर एका संध्याकाळी भाचीजवळ बसून तिला खेळताना पाहावे, आणि कोणत्या प्रसंगी कोणती धून येते ते तिलाच सांगू द्यावे.

आपल्याकडे मिरजेच्या दर्ग्यातील संगीत सभेत ऐकून तयार झालेला श्रोता चांगल्या जागेला तत्काळ ‘वा’ म्हणतो, आणि तेथे ते योग्यच असते. सिम्फनीच्या सभागृहात मात्र दाद राखून ठेवावी लागते. सुरुवातीला ओबो हे फुंकवाद्य एक सूर धरते आणि सगळे वादक त्याला जुळवून घेतात. त्या जुळवणीपासूनच बोलणे थांबवावे. संचालकाचे हात पूर्ण खाली आल्यावर टाळ्या वाजवाव्यात. गेमच्या मैफलीत श्रोते काहीसे मोकळे असतात, ओळखीचा पहिला स्वर येताच आनंदाचा गलका होतो, आणि तेव्हा बरोबरच्या तरुण व्यक्तीला गप्प करू नये.

बाकी सामान थोडेच. वातानुकूलनासाठी शाल, ओळखपत्र, तिकिटाची मोबाइलबरोबरच कागदावरची प्रत, आणि खोकल्याच्या गोळ्या, पण वेष्टन आधीच काढून डबीत भरलेल्या. कपडे नीटनेटके आणि बसायला सुटसुटीत असावेत. मोठी बॅग खोलीवर ठेवावी. मोबाइल पूर्ण बंद करावा, कारण शांत जागी त्याची थरथरही ऐकू येते, आणि चित्रीकरणाला बहुधा मनाई असते. उशिरा येणाऱ्यांना अनेकदा मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवतात. मुंबईची वाहतूक लक्षात घेऊन निदान पाऊण तास आधी पोहोचावे आणि चारच्या सुमारास भरपेट खाऊन घ्यावे, कारण रात्रीचे जेवण साडेनऊच्या आत होत नाही. जेवताना कोणती रचना आवडली असे परीक्षेसारखे विचारू नये. तिला बोलायचे असेल तर ती आपणहून बोलते. कोयनेसाठी सकाळी लवकर निघायचे असते, म्हणून टॅक्सीचे रात्रीच सांगून ठेवावे.