आयसीयूतला सेप्सिस: कोरोना असलेला आणि नसलेला रुग्ण, पहिल्या तासांत काय करायचं

सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू सापडणं, ही समजूत वॉर्डात अजून टिकून आहे. नातेवाइकांना समजावताना ‘इन्फेक्शन रक्तात गेलंय’ म्हणणं सोपं जातं, पण केसपेपरवर तेवढं पुरत नाही. २०१६ साली ठरलेली व्याख्या सांगते, की संसर्गाला शरीर बेताल प्रतिसाद देतं आणि त्यात अवयव निकामी होऊ लागतात. मोजायचं तर सोफा स्कोअर (फुप्फुस, किडनी अशा अवयवांचा बिघाड गुणांत मोजणारा तक्ता) आधीपेक्षा २ किंवा अधिक गुणांनी वाढलेला हवा. या हिशेबानं व्हेंटिलेटरवरचा कोरोनाचा रुग्ण दाखल होतो तेव्हाच सेप्सिसमध्ये असतो. कारण फक्त विषाणू असतं. त्याच रुग्णाला आठव्या दिवशी बॅक्टेरियाचा सेप्सिस झाला, तर स्कोअरमध्ये फुप्फुसाचे गुण आधीच भरलेले असतात. म्हणून उपचाराची चौकट दोघांनाही तीच असली, तरी खुणा वेगळ्या वाचाव्या लागतात.

ओळखताना

कोरोना नसलेल्या रुग्णात ओळख तुलनेनं सरळ आहे. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, बदललेली शुद्ध, वरचं बीपी १०० किंवा खाली, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर लगेच लक्ष घाला. पण एवढ्यावरच विसंबू नका. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीच हे तीन निकष एकटे वापरू नयेत असं म्हटलं आहे, कारण त्यांतून बरेच रुग्ण निसटतात. लघवी ताशी किलोमागे ०.५ मिलीच्या खाली गेली आहे का, ते बघा. मग बोटाचं टोक १० सेकंद पांढरं पडेल इतकं दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्ताभिसरण बिघडलंय. या चाचणीला पैसा लागत नाही आणि दर अर्ध्या तासानं ती पुन्हा करता येते. बोटं गार असतील तर बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विश्वास नको. प्रोब कानाला लावा किंवा एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) काढा.

लॅक्टेट (रक्ताभिसरण बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) २ मिलिमोलच्या वर असेल तर दोन ते चार तासांनी पुन्हा करा. अॅड्रेनलिनचं इन्फ्युजन, सालब्युटामॉलची नेब्युलायझर आणि मेटफॉर्मिन यांनीही लॅक्टेट वाढतं. टुर्निके (दंडाचा पट्टा) बराच वेळ बांधून काढलेलं किंवा लॅबला तासभर उशिरा पोहोचलेलं सॅम्पलही फसवतं.

कोरोनाच्या रुग्णात नेहमीच्या खुणा खोटं बोलतात. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ६ मिग्रॅ चालू असताना ताप दबतो, पांढऱ्या पेशी वाढतात आणि साखर चढते. टोसिलिझुमॅब हे दाह दाबणारं औषध दिलं असेल तर सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) खाली येतो आणि कित्येक दिवस तिथेच राहतो, मग संसर्ग कितीही पेटलेला असो. ‘ताप नाही, सीआरपी ४, म्हणजे सेप्सिस नाही’ हे वाक्य अशा रुग्णाच्या फाइलमध्ये लिहूच नका. प्रोकॅल्सिटोनिन ही बॅक्टेरियाच्या संसर्गाची रक्तातली खूण, पण ते किडनी बिघडली की वाढतं आणि टोसिलिझुमॅबनंतर दबतं. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका. थांबवताना मात्र त्याचा उपयोग होतो.

या रुग्णात दिशा बघायची. व्हेंटिलेटरवरून द्यावा लागणारा ऑक्सिजन ५० टक्क्यांवर आला होता, तो पुन्हा ७० झाला का? ईटीतून (श्वासनलिकेतल्या नळीतून) येणारा स्राव घट्ट, पिवळा आणि जास्त झाला का? इन्सुलिनची गरज एका रात्रीत दुप्पट झाली, नळीतलं फीड पचेना, प्लेटलेट घसरू लागल्या, बंद केलेलं, बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन पुन्हा लावावं लागलं, असं काही दिसलं की कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवा. पालथं झोपवलेल्या रुग्णात मानेची आणि मांडीची लाइन (शिरेत घातलेली नळी) दिवसाचे सोळा तास नजरेआड असते. म्हणून प्रत्येक वेळी उलटवताना ड्रेसिंग, पाठीचा खालचा भाग आणि गुडघे बघायचेच.

आणि बीपी पडलं की सेप्सिसच, असंही नाही. कोरोनात फुप्फुसाच्या धमनीत गुठळी, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), जास्त पीपमुळे (व्हेंटिलेटरच्या दाबामुळे) थकलेलं उजवं हृदय किंवा प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाचा जादा डोस यांनीही बीपी कोसळतं. अँटिबायोटिक वाढवण्याआधी पाच मिनिटं काढून छाती आणि हृदयाची सोनोग्राफी करा. कोरोना नसलेल्या रुग्णात, विशेषतः महाराष्ट्रात पावसाळ्यात, यादी बदलते: मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस. काख, जांघ आणि स्तनाखाली स्क्रब टायफसची काळी खपली शोधा. सापडली तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसाठी रिपोर्टची वाट बघू नका. डेंग्यूत सेप्सिसच्या हिशेबानं सलाइन ओतलं तर पाणी छातीत आणि पोटात साठतं, म्हणून तिथे वेगळा तक्ता वापरा.

पहिला तास

आधी कल्चर. दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन सेट घ्या आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त भरा. २ मिली रक्तावर आलेला ‘नो ग्रोथ’ काहीच सांगत नाही. क्लोरहेक्सिडीन लावून ३० सेकंद वाळू द्या. ओल्या कातडीत सुई घातली की कातडीवरचेच जंतू बाटलीत जातात. सेंट्रल लाइनचा संशय असेल तर एक सेट लाइनमधून आणि एक शिरेतून, एकाच वेळी आणि सारखंच रक्त घेऊन पाठवा. लाइनची बाटली दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली तर लाइनच दोषी धरा. कल्चरसाठी अँटिबायोटिक मात्र पाऊण तासाहून जास्त रोखू नका.

शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर अँटिबायोटिक एका तासात. शॉक नाही आणि नक्की काय ते कळत नाही, अशा वेळी तीन तासांपर्यंत तपासायला मुभा आहे. औषध कोणतं, हे आपल्याच हॉस्पिटलच्या अँटिबायोग्रॅमवरून (कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं याचा तक्ता) ठरवा. आपल्याकडच्या आयसीयूंत क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे जंतू अनेकदा मेरोपेनेम या अँटिबायोटिकला जुमानत नाहीत, त्यामुळे परदेशी तक्ता जसाच्या तसा चालत नाही. पहिला डोस पूर्ण द्या. किडनी बिघडली म्हणून पहिलाच डोस अर्धा करणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा ९० लाख युनिटचा लोडिंग डोस किडनी कशीही असो, द्यावा लागतो. एकच लाइन असेल तर मेरोपेनेम आधी पाच मिनिटांत सावकाश द्या, व्हॅन्कोमायसिन नंतर लावा. व्हॅन्कोमायसिनला तास-दीड तास लागतो आणि तोवर बाकीचं सगळं अडकून बसतं.

कोरोनाच्या रुग्णाला दाखल होताच मोठं अँटिबायोटिक लावायची सवय मोडायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार दाखल रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच बॅक्टेरियाचा संसर्ग होता. अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. पहिल्या दिवशी गरज नसताना दिलेलं औषध दहाव्या दिवशी, खरी गरज असते तेव्हा, उपयोगी पडत नाही.

सलाइन आणि बीपी

पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला १८०० मिली. रिंगर लॅक्टेट नॉर्मल सलाइनपेक्षा बरं, स्टार्चचं सलाइन नकोच. हा आकडा आंधळेपणानं पुरा करायचा नसतो. कोरोनाच्या फुप्फुसात २५० मिली १५ मिनिटांत द्या आणि पुन्हा बघा. पाठ ४५ अंशांवरून खाली आणून पाय ४५ अंश उचला; मिनिटभरात हृदयाचं आउटपुट १० ते १५ टक्के वाढलं तरच पुढची बाटली. पालथ्या रुग्णात ही चाचणी जमत नाही, तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी). पण उलटी चूकही होते. चार दिवस मास्कवर धापा टाकत, न खाता-पिता काढलेला रुग्ण खरोखर कोरडा असतो. ‘कोरोना आहे, पाणी नको’ म्हणत त्याची किडनी घालवू नका.

एमएपी (सरासरी बीपी) ६५ ठेवायचा. खालच्या बीपीची दुप्पट करून त्यात वरचं मिळवा आणि तिनानं भागा: ९०/५० म्हणजे ६३, कमीच. सलाइन संपायची वाट न बघता नॉरअॅड्रेनलिन सुरू करा. सेंट्रल लाइन होईपर्यंत कोपराच्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालतं. हात तासातासानं बघा. एकूण ५० मिलीत ४ मिग्रॅ घेतलं तर १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम होतात. ६० किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर पंप ताशी ४.५ मिलीवर ठेवा. इथे एक खड्डा आहे: काही अँप्युलवर बायटार्ट्रेट क्षाराचं वजन मोठ्या अक्षरात असतं, मूळ औषध त्याच्या निम्मं. दोन ब्रँड एकाच ट्रॉलीत असले की डोस नकळत अर्धा होतो.

डोस मिनिटाला किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला की व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट जोडा. तेवढ्या डोसवर चार तास झाले तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. डेक्सामेथासोन आधीच चालू असेल तर दोन्ही स्टिरॉइड सवयीनं एकत्र चालवू नका. ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन साधारण १६० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनच्या ताकदीचं असतं. शॉक असेपर्यंत कोणतं ठेवायचं हे सीनियरशी बोलून ठरवा. साखर १८० च्या वर गेली की इन्सुलिन इन्फ्युजन.

मूळ कुठे आहे

पू कोंडलेला असेल तर कोणतंच अँटिबायोटिक पुरत नाही. तुंबलेली किडनी, फुटलेलं आतडं, सडलेला पाय, जुनी लाइन: शक्य तितक्या लवकर, ६ ते १२ तासांत मोकळं करा. कोरोनात डायबेटिस आणि स्टिरॉइड एकत्र आले की नाकात काळी खपली, गालाला बधिरपणा, डोळ्याला सूज रोज तपासा. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) भरपूर पाहिला आहे. त्याचा केओएच (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायच्या तपासणीचा) रिपोर्ट काही तासांत मिळू शकतो. अँफोटेरिसिन हे बुरशीचं औषध आणि ईएनटी सर्जन दोन्ही त्याच दिवशी हवेत. अँटिबायोटिक बदलूनही स्राव आणि ऑक्सिजन बिघडतच असेल तर खालच्या श्वासनलिकेतलं सॅम्पल गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या चाचणीसाठी पाठवा. अॅस्परजिलस असू शकतो.

४८ ते ७२ तासांनी कल्चर हातात आलं की औषध कमी करा. ईटीच्या स्रावात असिनेटोबॅक्टर वाढला, पण ऑक्सिजन आणि एक्स-रे जागच्या जागी असतील तर तो नळीवर वस्तीला आलेला असू शकतो. न्यूमोनियाला बहुतेकदा ७ दिवस पुरतात.

ड्यूटी बदलताना ‘नॉरअॅड ६ वर’ एवढं सांगू नका. ५० मिलीत किती मिग्रॅ, पंप ताशी किती मिली, आतापर्यंत किती सलाइन गेलं, कल्चरच्या किती बाटल्या किती वाजता गेल्या, पहिला अँटिबायोटिक किती वाजता लागला आणि पुढचा लॅक्टेट कधी, हे सगळं शीटवर लिहून मगच किल्ल्या द्या.