लॉकरिंग गच्च, कॅसेट मात्र ढिली: मागचं चाक सर्व्हिस केल्यावर या चुका टाळा

पावसाळ्यात परभणीच्या आसपास कच्च्या रस्त्याला सायकल घातली की काळी माती चाकाला अशी धरते की फ्रेम आणि टायर यांच्यात बोटभर फट राहत नाही. तशीच एकदा चिखलानं जड झालेली सायकल घरी आणली, मागचं चाक अंगणात उघडलं. बेअरिंगचे छर्रे पुसले, ग्रीस भरलं, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) डिझेलमध्ये घासली आणि सगळं परत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो तर सोबतचा मित्र म्हणाला, "मागून कायतरी वाजायलंय बघ." पेडल मारलं की कट, सोडून परत मारलं की पुन्हा कट. एका गिअरवर ठेवलं तरी चेन शेजारच्या चकतीवर जाऊ बघायची.

घरी येऊन मी तेच केलं जे सगळे करतात. पान्हा घेतला आणि लॉकरिंग, म्हणजे कॅसेटला बाहेरून दाबून धरणारी आट्यांची रिंग, आणखी आवळायला गेलो. ती तसूभर हलेना. आणि कॅसेट बोटांनी खुळखुळत होती.

गोम इथंच आहे. लॉकरिंगही ढिली असेल तर ती नीट आवळली की काम संपलं. पण लॉकरिंग गच्च आणि चकत्या ढिल्या, असं असेल तर तुमचा जोर कमी पडलेला नाही, आत काहीतरी बसवायचं राहिलंय. तिथं ताकद लावून आटे खराब होतात, दुसरं काही होत नाही.

कॅसेटच्या चकत्या फ्रीहबच्या, म्हणजे हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) जोडलेल्या खाचांच्या नळीच्या, खाचांवर सरकवलेल्या असतात, आणि लॉकरिंग सगळ्यात छोट्या चकतीवर टेकून ती अख्खी चळत हबकडे दाबते. चळत हवी तेवढी जाड नसेल तर लॉकरिंग चकतीवर टेकण्याआधीच फ्रीहबच्या कडेला जाऊन टेकते. पान्ह्याला वाटतं, आवळलं. चकत्यांवर दाब शून्य. हे डोळ्यांनी दिसतं: लॉकरिंग काढा, कॅसेट आत दाबून धरा आणि कडेनं बघा. छोटी चकती फ्रीहबच्या कडेच्या किंचित बाहेर आलेली हवी. फ्रीहबची कड तिच्या बरोबरीला किंवा पुढं दिसली तर स्पेसर, म्हणजे चळतीची जाडी भरून काढणारी सपाट रिंग, कमी आहे.

माझं चाक 11 स्पीड (म्हणजे 11 चकत्यांच्या) रोड हबचं, कॅसेट मात्र जुनी 9 स्पीड. शिमानो कंपनीची 11 स्पीड रोडची फ्रीहब बॉडी जुन्या 8, 9, 10 स्पीडच्या बॉडीपेक्षा 1.85 मिमी लांब असते, म्हणून मागं तेवढ्याच जाडीचा स्पेसर घालावा लागतो. तो पातळ, सपाट, वायसरसारखा. मला तो डिझेलच्या डब्याच्या तळाशी काळ्या गाळात सापडला. मोठ्या चकतीच्या पाठीला ग्रीसनं चिकटून निघाला होता आणि धुताना गळून पडला. शिमानोच्या बऱ्याच 10 स्पीड रोड कॅसेटना याशिवाय आणखी 1 मिमीचा स्पेसर लागतो. 7 स्पीड कॅसेट 8 ते 10 स्पीडच्या बॉडीवर बसवायची तर 4.5 मिमीचा. आता मी कॅसेट उतरवली की एक जाड तार घेऊन चकत्या, स्पेसर निघतील त्याच क्रमानं ओवून ठेवतो आणि तारेसकटच धुतो.

बाहेरच्या सुट्या चकत्यांमधला स्पेसर विसरला, तरी हाच प्रकार होतो. चकती उलटी बसू नये म्हणून एक सोपी खूण आहे, दात्यांचा आकडा बाहेरच्या बाजूला वाचता आला पाहिजे. खाचांमधली एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळं चकती एकाच दिशेनं आत जाते. जात नसेल तर ठोकू नका, फिरवून खाच जुळवा. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे खाचांच्या मुळाशी वाळलेली काळी माती. ती सिमेंटसारखी बसते आणि कॅसेट शेवटपर्यंत जाऊ देत नाही. आज सगळं घट्ट वाटतं, दोन दिवसांनी माती चुरून निघते आणि कॅसेट ढिली. जुन्या टूथब्रशनं खाचा साफ करा आणि बसवण्याआधी ग्रीसचा पातळ हात फिरवा.

आता आवळण्याबद्दल. बहुतेक लॉकरिंगवर 40 एनएम (न्यूटन-मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) असं छापलेलंच असतं. टॉर्क पान्हा नसेल तर असा अंदाज धरा: पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण 16 किलोचा भार. म्हणजे हात चांगला ताणावा लागतो, पण पान्ह्यावर उभं राहायची गरज नाही. आधी लॉकरिंग बोटांनीच दोन-तीन आटे फिरवा. तिचे आटे बारीक असतात, तिरकी धरली तर आटे खाते. शेवटी आवळताना कट-कट आवाज येतो आणि नवशिके तिथंच घाबरून थांबतात. आटे तुटत नाहीत हो, लॉकरिंगच्या पाठीवरच्या रेघा चकतीवरून सरकतात. आवाज आल्यावरही थोडं पुढं जायचं असतं.

लॉकरिंगचा दातेरी सॉकेट प्रत्येक गावात मिळत नाही. फ्रीव्हीलचा (हबवर आट्यांनी बसणाऱ्या जुन्या धर्तीच्या संचाचा) सॉकेट दिसायला तसाच, पण लावून बघा. सैल बसला तर त्यावर जोर करू नका. छन्नी-हातोडीनं लॉकरिंग आवळणारेही मी बघितलेत. ती पुढच्या वेळी निघते कशी, ते त्यांनाच विचारा.

एवढं करूनही हलतंय? मग काय हलतंय ते नीट बघा. चकत्या फ्रीहबवर मागं-पुढं कटकट करतात की कॅसेट फ्रीहबसकट डुलते? फ्रीहबसकट डुलत असेल तर त्याच्या आतले छर्रे झिजलेत किंवा त्याला हबशी धरणारा पोकळ बोल्ट ढिला आहे. शिमानोच्या बऱ्याच हबांत तो एक्सल काढल्यावर 10 मिमीच्या ॲलन कीनं आवळता येतो. रिम धरून हलवल्यावर सगळं चाकच हलत असेल तर एक्सलवरचे कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे शंकूसारखे नट) नीट बसलेले नाहीत. क्विक रिलीजच्या (लीव्हरनं आवळायच्या) चाकात कोनला अगदी नावापुरता प्ले, म्हणजे सैलपणा, ठेवावा लागतो, कारण लीव्हर आवळला की तो मिटतो.

ढिल्या कॅसेटवर "बघू पुढच्या रविवारी" म्हणत सायकल दामटू नका, विशेषतः फ्रीहब ॲल्युमिनियमचं असेल तर. सुट्या स्टीलच्या चकत्या पेडलच्या जोरानं त्याच्या खाचांत दात रोवतात. माझ्या फ्रीहबवर त्या एका सकाळच्या तीन खुणा अजून आहेत, नखाला लागतात.