मोह आल्यावर काय करायचं, आणि तो यायच्या आधी काय करायचं

चर्चमध्ये मोहावर संदेश झाला की बायबलमधलं याकोब 4:7 हमखास येतं, सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल. वचन खरंच आहे, पण त्याच्या सुरुवातीला देवाच्या अधीन व्हा असं म्हटलंय ते घाईत राहून जातं, आणि मग तरुण पोरं रात्री एक वाजता मोबाईल हातात घेऊन एकटीच सैतानाला अडवायला बसतात आणि हरतात. आणि हरल्यावर वाटतं की आपला विश्वासच कच्चा आहे. मला मनापासून वाटतं की पवित्र शास्त्र यापेक्षा खूप व्यवहारी आहे, त्यात मोहाचं बरंचसं काम मोह यायच्या आधी करायला सांगितलंय.

सगळ्यात आधी 2 शमुवेल 11 सावकाश वाचा. दावीद राजा बथशेबाच्या घटनेत पडला हे सगळ्यांना माहिती असतं पण तो कसा पडला ते बघा. राजे लढाईला जायचे दिवस होते, त्याने सेनापती यवाबाला आणि सैन्याला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फिरायला लागला, तिथून बथशेबा स्नान करताना दिसली. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं, खाली उतरता आलं असतं. पण त्याने चौकशी करायला माणूस पाठवला, तर उत्तर आलं की ही उरीयाची बायको ना? म्हणजे तोंडावर सांगितलं गेलं की ती दुसऱ्याची बायको आहे, तरी त्याने तिला बोलावणं धाडलं. पुढे ते झाकायला उरीयालाच लढाईत मारवलं. दर पायरीवर थांबायला जागा होती आणि दर पायरीवर थांबणं आधीपेक्षा अवघड होत गेलं. याकोब 1:14-15 मध्ये हाच क्रम दिलाय, आधी स्वतःची वासना ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढलं की मरण.

तर आता तुमचं काम. एक वही घ्या आणि मागच्या वेळी जे झालं ते शेवटाकडून उलटं लिहीत जा. समजा ऑनलाइन रमीत पैसे घालवले. त्याच्या आधी ॲप उघडलं, त्याच्या आधी रील्स बघत पडलो होतो, त्याच्या आधी घरात भांडण झालं होतं आणि जेवलोच नाही, त्याच दिवशी पगार पण झाला होता. आता तुमची गच्ची कुठली ते कळेल. बहुतेकांची गच्ची म्हणजे एक ठरावीक वेळ, एक जागा आणि थकवा किंवा राग किंवा एकटेपणा. अरण्यात सैतान प्रभू येशूकडे आला तोसुद्धा चाळीस दिवसांच्या उपासानंतर भूक लागलेली असताना, आणि पहिलं बोलणं भाकरीचंच काढलं. त्यामुळे वेळेवर जेवणं, झोपणं हे अध्यात्माच्या बाहेरचं समजू नका.

गच्ची सापडली की तिथे जायचंच नाही अशी सोय करा. नीतिसूत्रे 5:8 मध्ये बाप मुलाला सांगतो की परस्त्रीच्या घराच्या दाराजवळही जाऊ नकोस. दाराजवळ जाऊन खंबीर राहा असं तो म्हणत नाही. म्हणून ॲप काढून टाका, पैशाचं असेल तर पगार झाल्याबरोबर घरखर्चाची रक्कम बायकोच्या किंवा आईच्या खात्यात टाका, मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा, आणि ज्या मित्रांसोबत बसलं की बाटली निघतेच त्यांना दुपारी चहाला भेटा. एवढ्याशा गोष्टी वाटतात पण खरा फरक इथेच पडतो.

तरी काही मोह घरात येऊन उभा राहतो, तिथे योसेफाकडे बघायचं, उत्पत्ती 39. त्याच्या धन्याची, म्हणजे पोटीफरची, बायको त्याच्या रोज मागे लागायची, आणि तो तिच्याजवळ थांबायचंही टाळायचा. त्याने आधीच कारणासकट नाही म्हणून ठेवलं होतं की धन्याने सगळं माझ्या हाती सोपवलंय, मग एवढं मोठं वाईट करून मी देवाविरुद्ध पाप कसं करू? म्हणून ज्या दिवशी घरात कोणी नव्हतं आणि तिने त्याचं वस्त्र धरलं त्या दिवशी त्याला विचार करत बसावं लागलं नाही, वस्त्र सोडून तो बाहेर पळाला. तुम्हीपण तुमचं नाही आणि त्याचं कारण आजच लिहून ठेवा. आणि हे पण पोरांना सांगायला हवं, पळून गेल्यावर योसेफाला बक्षीस मिळालं नाही, खोटा आळ येऊन तो तुरुंगात गेला. लाच नाकारली तर बढती अडकू शकते. पण तुरुंगातही परमेश्वर योसेफाच्या बरोबर होता असं त्याच अध्यायात लिहिलंय.

पुढची गोष्ट वचन पाठ करण्याची. मत्तय 4 मध्ये येशूने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 6 आणि 8 या दोन अध्यायांतली आहेत, म्हणजे ऐन वेळी लागणारं वचन आधीपासून आत होतं. सैतानानेही स्तोत्र 91 म्हणून दाखवलंच की, म्हणून नुसतं वचन आठवून चालत नाही, त्याचा मागचापुढचा संदर्भ पण वाचलेला पाहिजे. खूप वचनं नकोत, तुमच्या मोहाला लागू पडणारं एक घ्या, मोठ्याने म्हणा, प्रवासात म्हणा, आठवडाभर तेच. कुठलं घ्यायचं सुचत नसेल तर 1 करिंथ 10:13 घ्या, देव विश्वासू आहे आणि परीक्षेबरोबर निघायचा मार्गही करतो. तो मार्ग बहुतेक वेळा सुरुवातीलाच असतो हे मात्र लक्षात ठेवा.

आणि कुणाला तरी सांगा. लाज वाटते म्हणून हे सगळेच टाळतात. उपदेशक 4:10 म्हणतं, जो एकटा असताना पडतो त्याला उठवायला कोणी नसतं. पाळक असोत, संडे स्कूलचे जुने सर असोत, पुरुषाने पुरुषाला आणि बाईने बाईला सांगितलेलं बरं, फक्त ती व्यक्ती पोटात ठेवणारी हवी, प्रार्थनेची विनंती म्हणून ग्रुपवर टाकणारी नको. तिला विचारून ठेवा की रात्री फोन केला तर चालेल का. मोह आला की फोन करून फक्त एवढंच म्हणायचं, काका मला आत्ता ओढ लागलीये, माझ्यासाठी प्रार्थना करा.

रिकामा झालेला वेळ मात्र रिकामा ठेवू नका. मत्तय 12:43-45 मधला माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा त्याचं जुनं घर झाडलेलं, सजवलेलं पण रिकामं असतं, आणि तो आणखी सात घेऊन येतो. क्वायर, क्रिकेट, आजारी माणसाला भेटणं, मुलांचा अभ्यास घेणं, काहीही चालेल.

एवढं करूनही पडलात तर त्याच दिवशी 1 योहान 1:9 उघडा, पाप कबूल करा, ज्याचं नुकसान झालं त्याची माफी मागा आणि वही पुन्हा काढा. नीतिसूत्रे 24:16 मध्ये नीतिमान सात वेळा पडून पुन्हा उठतो. दारूचं किंवा जुगाराचं खरंच व्यसन लागलं असेल तर प्रार्थनेसोबत उपचार पण घ्या, यात अविश्वास काही नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मीटिंगा महाराष्ट्रात मराठीतून होतात, आणि पहिल्यांदा जायला भीती वाटत असेल तर ज्या काकांना फोन करायचं ठरलंय त्यांनाच सोबत घेऊन जा.