दारू पुन्हा सुरू झाली तर: पहिले काही दिवस

काही महिने सुटलेली दारू पुन्हा तोंडाला लागली की मनात येतं, 'आता सगळं गेलंच, मग आज पोटभर पिऊ.' एका क्वार्टरचे आठ दिवस होतात ते या विचारापायी. त्याच दिवशी एका माणसाला सांगा: स्पॉन्सर (एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटातला, दारू सोडलेला अनुभवी सोबती), समुपदेशक, बायको, भाऊ. 'मी प्यायलोय, मदत हवी,' एवढं पुरे. कारणं नंतर.

एकदाच प्यायला असाल तर उरलेली बाटली मोरीत ओता. पण रोज भरपूर, असे बरेच दिवस गेले असतील तर घरी एकदम बंद करू नका; आधी डॉक्टर गाठा. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, गोंधळ, ताप आला तर तडक रुग्णालयात न्या. यात जीव जाऊ शकतो. पूर्वी फिट आली असेल तर धोका जास्त. शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका, दारूवर त्यांनी श्वास मंदावतो. थायामिनबद्दल (ब-१ जीवनसत्त्व) डॉक्टरांना आवर्जून विचारा.

घरच्यांना कळकळीची विनंती: दारू सुटावी म्हणून देतात ती डायसल्फिरामची गोळी भाजी-आमटीत लपवून देऊ नका. माणूस त्यावर प्यायला तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूची रिॲक्शन येऊ शकते.

डोकं ताळ्यावर आलं की वहीत मागचे पंधरा दिवस लिहा. घसरण ग्लासाच्या बरीच आधी सुरू झालेली असते: एएची मीटिंग चुकली, गोळ्या बंद केल्या, जेवणाची वेळ गेली, जागरण झालं, भांडण झालं, खिशात पगार होता. जे सापडेल तेवढंच बदला, पण नक्की बदला. पगाराच्या दिवशी पैसे घरी कोणाकडे तरी द्या. बारवरून जाणारा रस्ता सोडा. गटारीला, मित्राच्या वरातीला यंदा जाऊ नका; नातेवाईक रुसले तर रुसू देत.

तलफ आली की आधी पोटभर खा, मग फोन लावा आणि चालायला निघा. ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. रात्री-अपरात्री कोणीच उचलत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.