कंपवाताच्या रुग्णाची घरची देखभाल: दिवस गोळीच्या घड्याळावर कसा बसवायचा

कंपवात, म्हणजे पार्किन्सन, बरा होत नाही. ताब्यात मात्र ठेवता येतो. हा ताबा बऱ्याच घरांत औषध चुकीचं असल्यामुळे जात नाही, औषधाची वेळ चुकल्यामुळे जातो. म्हणून घरात कंपवाताचं माणूस असेल तर पहिलं काम हे: दिवसाचं वेळापत्रक जेवणावर न आखता गोळीवर आखा. आंघोळ, शौच, चालणं, जेवण हे सगळं त्यानंतर जागेवर बसवा.

गोळी आणि तिचे आकडे

मुख्य औषध लेव्होडोपा. ते मेंदूत जाऊन डोपामिन बनतं, म्हणजे हालचालींसाठी लागणारं आणि कंपवातात कमी पडणारं रसायन. सोबतचं कार्बिडोपा त्याला मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ देत नाही आणि मळमळही आवरतं. रक्तातलं निम्मं लेव्होडोपा साधारण दीड तासात संपतं. आजाराच्या सुरुवातीला मेंदूची डोपामिन साठवण्याची ताकद बरीचशी शाबूत असते, म्हणून गोळी तासभर मागेपुढे झाली तरी निभावतं. काही वर्षांनी ती ताकद फारशी उरत नाही आणि अर्ध्या तासाचा उशीरही पायांत दिसू लागतो.

पाकिटावरचा आकडा ही दोन्ही औषधांची बेरीज असते. ११० म्हणजे लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा १० मिलिग्रॅम. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. तालुक्याच्या दुकानात १२५ नसली की ‘सारखीच आहे’ म्हणून ११० हातात पडते. लेव्होडोपा सारखंच, हे खरं. पण कार्बिडोपा निम्म्याहून कमी. दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात गेलं नाही तर मळमळ-उलटी वाढते, आणि ११० च्या तीन गोळ्यांतून जेमतेम ३० मिळतं. त्यामुळे बदली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ‘सीआर’ लिहिलेली गोळी हळूहळू विरघळणारी असते. ती कुटून किंवा चावून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात उतरेल.

गोळी आणि ताट

गोळी जेवणाआधी ३० ते ४५ मिनिटं, किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने. सोबत पेलाभर साधं पाणी, दूध नको. मासे, अंडी, डाळ, दूध यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा हे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने जातात. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून त्यावर गोळी घेतली की वाट माशाने अडवलेली असते, आणि तीन वाजता माणूस खुर्चीतून उठत नाही.

याचा अर्थ मासे बंद करा असा मुळीच नाही. कंपवातात वजन आणि स्नायू उतरतात, प्रथिनं हवीतच. आधी फक्त वेळेचं अंतर पाळून पाहा, बहुतेकांना तेवढं पुरतं. अंतर पाळूनही दुपारची गोळी लागू होत नसेल तर डॉक्टरांना विचारून मासे-डाळ रात्रीच्या जेवणाकडे सरकवा आणि दुपारी भात, भाजी, नाचणीची भाकरी ठेवा.

‘रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये’ हा समज इथे सर्वांत जास्त नुकसान करतो. संकष्टी-एकादशीला जेवण नाही म्हणून गोळीही नाही, असं घरोघरी चालतं. उपास करा, गोळी चुकवू नका. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ होत असेल तर गोळीबरोबर चार घास मऊ भात किंवा अर्धं केळं चालेल. रक्तवाढीची लोहाची गोळी लेव्होडोपाला आतड्यातच धरून ठेवते. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

नमुना म्हणून दिवसाला चार गोळ्या असलेल्या माणसाचा दिवस असा बसतो: सकाळी ६:३० ला पहिली गोळी, अंथरुणातच. ७:१५ ला चहा-घावणे, त्यानंतर शौच आणि आंघोळ, कारण आता अंग सुटलेलं असतं. ११:३० ला दुसरी, १२:१५ ला जेवण. ४:३० ला तिसरी, पाच-सव्वापाचला खळ्यात फेऱ्या. रात्री ८ ला चौथी, पावणेनऊला जेवण. तुमच्या माणसाच्या वेळा डॉक्टर ठरवतील; सूत्र हेच. अंग आखडलेलं असताना आंघोळीला नेऊ नका, पडापड तिथेच होते.

गोळी चुकली तर आठवताच द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीही नकोत. गणपतीत ही चूक हमखास होते: घर चाकरमान्यांनी भरलेलं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दिली. त्या दिवसांत एकाच माणसाकडे जबाबदारी द्या आणि दिलेल्या वेळेची खूण भिंतीवरच्या कागदावर करा.

आणि गोळ्या अचानक पूर्ण बंद करू नका, कोणाच्याही सांगण्यावरून. अंग लाकडासारखं ताठ, जोराचा ताप, बरळणं असा जीवघेणा प्रकार दोन-चार दिवसांत होऊ शकतो.

पावसाळ्याची तयारी

कोकणात जून ते सप्टेंबर घाट बंद पडतात, रेल्वे रखडते, दुकानदाराचा माल येत नाही. मे संपायच्या आत एका महिन्याचा जादा साठा घरात हवा. दमट हवेत पाकिटातून काढलेली गोळी ओलावा धरते, गडद पडते. त्यामुळे आठवड्याच्या डबीत सात दिवसांच्या गोळ्या भरण्याची सवय पावसाळ्यात सोडा. पट्टी कात्रीने कापा, कप्प्यासकट डबीत ठेवा, फोडा ती देतानाच. डबी घट्ट झाकणाची असावी; चुलीजवळ, न्हाणीत किंवा फ्रीजमध्ये नको.

लघवी, घाम किंवा लाळ थोडी काळपट दिसली तर ते लेव्होडोपामुळे असतं, घाबरू नका.

खाजकुयलीबद्दल

आपल्या कुंपणांवर वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, वजनाच्या काही टक्के. म्हणूनच ती धोक्याची आहे. कुठल्या बीत किती हे ठरलेलं नसतं, सोबत कार्बिडोपा नसतं, आणि गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं की मात्रा नकळत वाढते: हातपाय आपोआप वळवळतात, उलट्या होतात, भास होतात. कोणी चूर्ण दिलंच असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

कोणती औषधं नकोत

पित्त, उलटी, चक्कर यांसाठी मिळणारी काही रोजची औषधं डोपामिनची वाट बंद करतात आणि चांगला चालणारा माणूस आठवडाभरात जखडतो. एक कार्ड लिहून रुग्णाच्या खिशात आणि औषधाच्या डबीत ठेवा. त्यावर एवढं असावं: ‘मला कंपवात आहे. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये.’ खाली चालू गोळ्या आणि त्यांच्या वेळा.

यांतलं लेव्होसल्पिराइड सर्वांत फसवं. ते पित्ताच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत लपलेलं असतं, पाकिटावर मोठ्या अक्षरात पित्ताचंच औषध दिसतं. मागची बारीक अक्षरं वाचा. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडॉन यांतून डॉक्टर निवडू शकतात. डॉम्पेरिडॉन हृदयाचा त्रास असणाऱ्याला जपून. रासाजिलीन हे कंपवाताचंच दुसरं औषध चालू असेल तर ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध टाळायचं.

प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही कंपवाताची गोळी चालू असेल तर आणखी एक गोष्ट बघा. या गोळ्यांनी काहींना मटका, ऑनलाइन जुगार, उधळपट्टी, अति कामेच्छा यांचा नाद लागतो. तो औषधाचा परिणाम आहे, माणूस बिघडलेला नाही. लाजेपोटी घरात दाबून ठेवू नका. मात्रा कमी केल्यावर हे बहुधा ओसरतं.

घर: उंबरा, न्हाणी, जांभ्याच्या पायऱ्या

पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं हे दारात, वळणावर आणि अरुंद जागेत जास्त होतं. जुन्या कोकणी घरात पडवी, माजघर, न्हाणी अशा प्रत्येक टप्प्याला उंबरा आहे, त्यामुळे हा त्रास इथे पावलोपावली. अशा वेळी हात धरून ओढू नका, धड पुढे येतं आणि पाय मागे राहतात. थांबायला सांगा. वजन डावीकडे-उजवीकडे झुलवू द्या. मग ‘एक, दोन’ म्हणून एक मोठं पाऊल.

उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर ४० ते ५० सेंटिमीटर अंतराने तीन-चार आडव्या रेघा आखा. रेघ ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. फरशीवर पिवळी चिकटपट्टी चालते. सारवलेल्या जमिनीवर ती टिकत नाही, तिथे चुन्याची जाड रेघ ओढा आणि दर सारवणानंतर पुन्हा काढा. उंबऱ्याच्या कडेलाही पिवळा रंग द्या.

वळताना एका पायावर गरकन फिरू नये, तुळशीला प्रदक्षिणा घालतो तसा गोल फेरा घ्यावा. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं, ते खराट्याने घासून काढणं हे या चार महिन्यांत देखभालीचंच काम आहे. शौचालय परसात असेल तर रात्रीसाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असली की उठणं सोपं जातं.

उठल्यावर चक्कर

आजाराने आणि गोळ्यांनीही उभं राहताच रक्तदाब उतरतो. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब मोजा, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा; वर्षानुवर्षं चालू असलेली रक्तदाबाची गोळी आता जास्त होत असेल. सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी प्यायला द्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र विचारून. खाटेचे डोक्याकडचे पाय लाकडी ठोकळ्यांवर १५ ते २० सेंटिमीटर उचला. एप्रिल-मेच्या घामात हा त्रास दुप्पट जाणवतो.

गिळणं

चहा प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा जेवताना ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जातंय. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवण गोळी लागू झालेली असतानाच द्या.

आजाऱ्याला आपण पेज देतो, पण उकड्या तांदळाची पेज इथे अवघड ठरते. वर पातळ पाणी, खाली अख्खी शितं. पाणी आधी घशात उतरतं, शितं तोंडातच राहतात आणि ठसका लागतो. तीच पेज घोटून एकजीव, चमच्यावरून सावकाश घसरेल इतकी घट्ट करा. कुळथाची पिठी घट्ट ठेवली तर उत्तम. सोलकढी आणि पातळ ताक जपून. तारली, बांगडा असे काटेरी मासे नकोत. सुरमईचा तुकडा बोटांनी चाचपून, काटे काढून, रश्श्यात कुस्करून द्या. रोज दोनदा दात-जीभ स्वच्छ करा, तोंडातले जंतूच छातीत उतरतात.

पोट, लघवी, भास

बद्धकोष्ठ असेल तर गोळीही नीट लागू होत नाही. दीड ते दोन लिटर पाणी, नाचणी, पालेभाजी, पपई. इसबगोल द्यायचा तर पेलाभर पाण्यासोबतच, नाहीतर तोच आत अडकतो. गिळण्याचा त्रास असेल तर देऊच नका. तीन दिवस शौचाला झाली नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोजसारखं औषध सुरू करा.

खोलीत मुलं किंवा मांजरं दिसतात असं माणूस म्हणू लागलं तर आधी ताप, लघवीची जळजळ, पाणी कमी पडणं आणि नवीन औषध हे चार तपासा. कंपवातासाठीच दिलं जाणारं ट्रायहेक्झिफेनिडिल म्हाताऱ्या माणसांत भास, विसर आणि लघवी तुंबणं घडवू शकतं, अमँटाडिन या कंपवाताच्या औषधानेही भास होतात. कमी काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. भासांवर औषध लागलंच तर ते क्वेटियापिनसारखं, हॅलोपेरिडॉल नव्हे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला आणि माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात पाहा. दाबून सोडल्यावरही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. रबरी चादर थेट अंगाखाली नको, वर जुनं सुती लुगडं दुहेरी घाला आणि ओलं होताच बदला.

डॉक्टरांकडे जाताना

सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा रत्नागिरीतून कोल्हापूरला जायचं तर दिवस मोडतो आणि डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात. त्याआधी तीन दिवसांची नोंद करा: सकाळी सहा ते रात्री दहा, दर अर्ध्या तासाला एक खूण. अंग मोकळं असेल तर ‘मो’, आखडलेलं तर ‘आ’, आपोआप वळवळत असेल तर ‘व’. गोळीच्या आणि जेवणाच्या वेळा लाल पेनाने. ‘आ’ गोळीच्या आधी येतो की ‘व’ गोळीनंतर तासाभराने, हे पाहून मात्रा वाढवायची, वाटायची की कमी करायची ते ठरतं. मोबाइलवर दोन्ही अवस्थांचं एकेक मिनिटाचं चित्रण घ्या, कारण प्रवासाने थकलेलं माणूस तिथे वेगळंच दिसतं.

ताप आणि अंग ताठ, गिळणं एकदम बंद, पडून डोक्याला मार, किंवा एका दिवसात शुद्ध हरपत चाललेली, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणार असतील तर गोळ्यांचं काय करायचं ते भरती होतानाच विचारा. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून किंवा घोटभर पाण्याने त्या बहुधा चालू ठेवता येतात. कार्ड आणि घरच्या गोळ्यांची डबी सोबत न्या, रात्री वॉर्डात तीच गोळी लगेच मिळेल याची खात्री नसते.