कर्ब कमी असलेल्या रानाची पेरणीआधीची तयारी

सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि शेणखतातून मातीत राहिलेला कार्बन, कमी असलेल्या रानाची तयारी पेरणीच्या तोंडावर सुरू करून भागत नाही. आधीचं पीक निघालं की लगेच हाती घ्या.

पहिलं काम माती परीक्षण. खत टाकण्याआधी, बांध, झाडाखालची आणि उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी १५ सेंमी खोल खड्डे घ्या, प्रत्येकाच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती काढा, एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. अहवालात आकडा कर्बाचा आहे की सेंद्रिय पदार्थाचा, हे नीट बघा, कर्बाला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ येतो. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमीच समजा. तोवर एक वाळलेलं, सुपारीएवढं ढेकूळ पाण्याने भरलेल्या ग्लासात अलगद सोडा. बघता बघता त्याचा गाळ झाला, तर पेरणीनंतरच्या जोरदार पावसात रानावर पापडी धरेल आणि कोंब खालीच अडकतील. अशा रानाला रोटाव्हेटरने पीठ करू नका, ढेकळं थोडी राहू द्या.

काडीकचरा पेटवायचा नाही, यात तडजोड नको, कारण मातीतला कर्ब त्यातूनच येतो. हेक्टरभर रानातल्या वरच्या १५ सेंमी मातीचं वजन ढोबळमानाने २० लाख किलो भरतं. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर २,००० किलो कर्ब त्या मातीत टिकायला हवा, आणि आपण टाकतो त्यातला बराचसा जिवाणू खातात, तो वायू होऊन उडून जातो. एकरी एका बाटलीत कर्ब वाढवून देतो म्हणणाऱ्याला हेच गणित मांडायला सांगा.

गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण ८०:१ च्या आसपास असतं. ते नुसतं गाडून लगेच पेरलं तर जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. म्हणून काड वर आच्छादनासारखं ठेवा, नाहीतर गाडताना थोडं नत्र द्या आणि कुजायला वेळ द्या. दोन पिकांच्या मधे मोकळीक आणि ओल असेल तर हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवंच गाडायला, ताग किंवा धैंच्याचं बियाणं आधीच आणून ठेवा. फुलोरा लागायच्या सुमारास, साधारण ४५-५० दिवसांनी गाडायचं आणि पेरणीला दोन-तीन आठवडे थांबायचं. निबर होऊ दिलं तर खोड लवकर कुजत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. ढिगात हात घातला तर गरम लागू नये, वास मातीचा यावा. कच्च्या खताबरोबर तणाचं बी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात येते. पसरलं की त्याच दिवशी मातीत मिसळा.

रासायनिक खतं एकदम टाकू नका. ही माती ती फार धरून ठेवत नाही, म्हणून नत्राचे हप्ते वाढवा. गंधकाची कमतरताही अशा रानात बऱ्याचदा निघते, परीक्षणात ते मागून घ्या. उगवणीपूर्वीचं तणनाशक वापरणार असाल तर लेबलवर मातीनुसार मात्रा दिली आहे का, ते वाचा. कर्ब कमी असला की औषध मातीला कमी चिकटतं, आणि भारी रानाची मात्रा इथे पिकालाच भाजते. पाणी हलकं आणि लवकर लवकर द्यायची सोय लावून ठेवा.

नमुने घेतलेल्या जागा, खोली आणि तारीख वहीत लिहा. तीन वर्षांनी त्याच जागांवरून, त्याच हंगामात, त्याच प्रयोगशाळेत माती द्यायची आहे. पद्धत बदलली तर आकड्यांची तुलना होत नाही.