वेस्ट पॅड भरला? रिसेट मारण्याआधी या चुका टाळा

इंकजेट दुरुस्तीला आला आणि समोरचा म्हणाला की "कालपर्यंत अगदी व्यवस्थित चालू होता", की मी आधी प्रिंटरच्या बुडाखालून हात फिरवतो. बोटं काळी झाली तर पुढची हकिकत ऐकायची गरज उरत नाही.

भरलेली सगळी शाई कागदावर जात नाही, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, साफ करायला हेड क्लीनिंग लावलं की हेडला खालून रबरी कॅप चिकटते, पंप नोझलमधून (हेडच्या बारीक छिद्रांतून) शाई ओढतो आणि ती नळीतून तळाशी किंवा मागे बसवलेल्या जाड, नमद्यासारख्या वेस्ट पॅडमध्ये सोडतो. छपाई चालू असतानाही हेड अधूनमधून बाजूला जाऊन थोडी शाई थुंकून येतं. पॅड किती भिजलाय हे बहुतेक घरगुती प्रिंटर प्रत्यक्ष मोजत नाहीत. किती क्लीनिंग झाल्या, किती शाई उडवली याचा नुसता हिशेब ठेवतात आणि आकडा मर्यादेला पोचला की काम थांबवतात.

म्हणूनच माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक: काउंटर रिसेट करायचा आणि पॅडला हात लावायचा नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हिशेब पुसला म्हणून शाई थोडीच पुसली जाते?

एकाने कुठलंसं सॉफ्टवेअर उतरवून तीनदा रिसेट मारला होता. प्रिंटर कपाटाच्या वरच्या फळीवर, खालच्या फळीवर कोऱ्या कागदाचे गठ्ठे. एके दिवशी वरच्या गठ्ठ्यातल्या कागदांना जांभळी किनार दिसली. त्याला वाटलं, कागदच खराब आला. गठ्ठा बदलला. नव्यालाही तीच किनार! मग प्रिंटर माझ्याकडे आणला, तोही गाडीत कुशीवर आडवा टाकून. खालची पट्टी काढली तर पॅड ओल्या चिखलासारखा. बोटाने जरा दाबला की काठाला काळं-जांभळं तळं साचायचं. कुशीवरच्या प्रवासात शाई वीजपुरवठ्याच्या डब्यात शिरली होती, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर. पॅडच्या कामात भागलं असतं, तिथे सप्लायही बदलावा लागला. पैसे देताना गृहस्थांनी विचारलं, "पुढच्या वेळी रिसेट फोनवरून सांगाल का?"

आधी पॅड बदला, मग रिसेट. मी झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवतो. पॅड धुऊन परत घालणारेही भेटतात. मी धूत नाही. आतपर्यंत वाळायला कित्येक दिवस लागतात आणि एवढा धीर कुणालाच नसतो. अर्धा ओला पॅड घालून काउंटर शून्यावर आणला, तर प्रिंटरच्या लेखी तो कोरा. मॉडेलला बाहेरून बदलता येणारा मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे वाया जाणारी शाई साठवणारा डबा, असेल तर ही कटकटच नाही, पण लोक त्याच्याही चिपला रिसेट मारून भरलेला डबा परत ढकलतात. हात जोडले.

दुसरी चूक: प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करणं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलात तर हेड जागेवर जाऊन कॅपवर बसतं आणि नोझल ओले राहतात. छपाईच्या मधेच वीज तोडलीत तर हेड उघडं पडून वाळतं, मग क्लीनिंग, आणि ती सगळी शाई पॅडच्या पोटात.

रेघा तुटल्या म्हणून लागोपाठ सहा-सात क्लीनिंग मारणारे तर रोजचेच. माझा नियम दोनचा. त्यानंतर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवतो. हवेचे बुडबुडे बऱ्याचदा आपोआप बसतात. सकाळीही सुधारणा नसेल तर कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब सोडून एक क्लीनिंग लावतो. पाणी ओढलं गेलं तर पंप ठीक. तसंच साचून राहिलं तर नळी तुंबलीय किंवा कॅप हवा धरत नाहीये, आणि मग शंभर क्लीनिंग मारलीत तरी फरक पडणार नाही. पिवळा रंग हिरवट छापायला लागला तरी मी आधी कॅपच बघतो. तिथे साचलेले रंग नोझलमध्ये उलटे शिरतात.

पॅडऐवजी शाई बाहेर साठवायला पॅडकडे जाणारी नळी बाहेर काढून बाटली लावलीत तर बाटली प्रिंटरपेक्षा खाली ठेवा आणि बूच घट्ट लावू नका, हवेला वाट हवी. नळीचं टोक शाईत बुडवू नका. नळी प्रिंटरखाली चेंगरलेली मी इतक्यांदा पाहिलीय की आता आधी तीच सरळ करतो.

पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचं, पाणी उडालं की मागे गाळ उरतो. तो पॅडमध्ये पसरत नाही, नळीच्या तोंडापाशी ढिगारा होऊन बसतो. तेव्हा पॅडचा कोपरा कोरडा दिसला म्हणून फसू नका.

बॉर्डरलेस फोटोंची हौस असेल तर कडेबाहेर उडणारी शाईही मशीनच्या आतच जिरते, हे धरून चाला. आणि काढलेला पॅड किंवा बाटलीतली शाई मोरीत ओतू नका. हातमोजे घालून जाड पिशवीत बांधा आणि घातक किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.